काठी नको, शेजार द्या

झाड कललं की आपला हात आधी काठीकडे जातो. डेलिया असो, शेवंती असो, टोमॅटो असो. एक कामटी रोवायची, सुतळी गुंडाळायची आणि झाडाला सरळ उभं करायचं. आपल्या परसबागेत हे ठीकच आहे. पण काही झाडं अशी आहेत, की त्यांना काठी द्यायची वेळ आली तर समजावं, खोट झाडात नाही, त्याला दिलेल्या सोबतीत आहे. ही झाडं म्हणजे अमेरिकेतल्या प्रेअरीची उंच फुलझाडं. भरपूर ऊन मागणारी, थंडीत जमिनीलगत वाळून जाणारी आणि दरवर्षी त्याच मुळांतून पुन्हा फुटणारी. ती कुठून आणायची हे सगळे विचारतात. त्यांच्या शेजारी काय लावायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

तुम्ही म्हणाल, फलटणला राहून हिला अमेरिकेतल्या झाडांचं काय पडलंय? सांगते. माझी लेक इलिनॉय राज्यात, शिकागोपासून तासाभराच्या अंतरावर राहते. गेली काही वर्षं माझा उन्हाळा तिकडंच जातो. आणि मी काही एकटी नाही. आपल्या गावागावांतून कितीतरी आज्या मे महिन्यात विमानात बसतात. लेक-जावई कामावर, नातवंडं पाळणाघरात, टीव्हीवर काही कळत नाही, कोपऱ्यावरचं दुकानसुद्धा गाडीशिवाय गाठता येत नाही. मग उरतं ते घराचं अंगण. हातात खुरपं येतंच! तेव्हा हे लिहिणं तुमच्याही कामाचं आहे.

आधी प्रेअरी म्हणजे काय, ते. सोप्या शब्दांत सांगायचं तर तिकडचं माळरान. पण आपल्या गुडघाभर कुसळीच्या माळासारखं नाही. इलिनॉयकडच्या प्रेअरीतलं गवत माणसाच्या डोक्यावरून जायचं, आणि त्या गवतात शेकडो जातींची फुलझाडं मिसळलेली असायची. इलिनॉयला आजही ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. एके काळी या एका राज्यात २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ मध्ये इथल्याच ग्रँड डिटूर गावातल्या जॉन डिअर नावाच्या लोहारानं पोलादी नांगर बनवला. हो, तोच डिअर, ज्याच्या नावाचे हिरवे ट्रॅक्टर आज आपल्या शिवारात फिरतात. चिकट काळी माती त्या नांगराला चिकटेना, आणि बघता बघता सगळं रान मका-सोयाबीनखाली गेलं. १९७०च्या दशकात मोजणी झाली, तेव्हा चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी अडीच हजार एकरांच्या आसपासच सापडली. म्हणजे दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर! तीही कुठं, तर रेल्वे रुळांच्या कडेला आणि जुन्या कब्रस्तानांत, जिथं नांगर पोचला नाही तिथं. आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात कब्रस्तानाच्या कोपऱ्यात उरलेल्या अशाच एका झाडाची हकीकत आहे. म्हणून तिकडच्या लोकांनी अंगणात चार प्रेअरीची झाडं लावणं ही नुसती हौस नाही. हरवलेल्या गोष्टीचा तो एक तुकडा जपणं आहे.

आणि गंमत म्हणजे ही झाडं आपल्याला अगदीच परकी नाहीत. तिथलं सगळ्यांत उंच गवत, बिग ब्लूस्टेम, हे आपल्या ज्वारीच्या, उसाच्या आणि गवती चहाच्या घराण्यातलं. सकाळी उमलून दुपारच्या उन्हात मिटणारं निळं स्पायडरवर्ट म्हणजे आपल्या केन्याचा नातेवाईक. जांभळ्या फुलांची आयर्नवीड ही आपल्या सहदेवीची चुलत बहीण. केशरी फुलांची बटरफ्लाय वीड रुईच्या कुळातली. आपल्याकडं रुईवर केशरी-काळ्या फुलपाखराच्या अळ्या दिसतात, तशा तिकडं हिच्यावर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या वाढतात. आणि दसऱ्याच्या हारांत आपण ज्याची फुलं ओवतो तो गलांडा, म्हणजे गॅलार्डिया, तो तर मुळात तिकडच्याच माळांवरचा. तेव्हा बिचकायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं. ही उंच झाडं अंगणात लावली की पडतात का?

लेकीनं पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं घराच्या पुढच्या बाजूला चार फूट रुंद आणि पंधरा फूट लांब असा वाफा केला. त्यात प्रेअरी ब्लेझिंग स्टार, ग्रे-हेडेड कोनफ्लॉवर आणि न्यू इंग्लंड ॲस्टर अशी चार-पाच फुटी झाडं दोन-दोन हातांवर एकेक लावली. मधली जागा मोकळी, वर लाकडाच्या ढलप्यांचं आच्छादन. नर्सरीतल्या माणसानं पोतंभर खत घालायला सांगितलं, ते घातलं. लॉनसाठीचे पाण्याचे फवारे रोज सकाळी वाफ्यावरही उडायचे. झाडं अशी तरारली की बघत राहावं! आणि जुलैतल्या पहिल्याच वादळी पावसात सगळी आडवी.

त्यात नवल काही नाही. रानात या झाडांना कुणी खत घालत नाही. तिथं ती गवताच्या दाटीत वाढतात. चारी बाजूंनी दुसऱ्या झाडांचे खांदे लागलेले असतात, त्यामुळं दांडा हळूहळू, चिवट होत वर जातो. वारा आला तर सगळी मिळून डुलतात, एकटं कुणीच पडत नाही. अंगणात आपण त्याला सकस खाऊ घालतो, रोज पाणी पाजतो आणि वर एकटं उभं करतो. मग दांडा वाढतो भराभर, पण पोकळ-मऊ. लाडावलेल्या पोरासारखं होतं त्याचं. वर फुलांचं ओझं आलं की खाली बसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, की ही झाडं आणताना उंच झाड आधी निवडून मग उरलेल्या जागेत काहीतरी खुपसायचं, हे उलटं आहे. सोबत आधी ठरवा. आणि ती ठरवताना मी पाच गोष्टी बघते.

पहिली, दोघांची भूक-तहान सारखी आहे का? सहा तासांहून जास्त ऊन ही अट तर सगळ्यांनाच आहे, पण पाण्याचं काय? जो-पाय वीड नावाचं सात फूट उंच, गुलाबी झुबक्यांचं सुंदर झाड आहे. त्याला ओल लागते. कंपास प्लांट आठ-दहा फुटांपर्यंत जातं, पण त्याचं सोटमूळ पंधरा फुटांपर्यंत खोल जाऊ शकतं. त्याला वरून पाणी घालायची गरज नाही. या दोघांना शेजारी लावलं, तर एकाला जगवताना दुसऱ्याला पाजून पाजून पाडाल.

दुसरी, कमरेला धरणारं कोण? इथं गवताला पर्याय नाही. लिटल ब्लूस्टेम दोन ते चार फूट वाढतं, सरळ उभं राहतं आणि थंडीच्या तोंडाशी तांब्याच्या भांड्यासारखं लाल होतं. प्रेअरी ड्रॉपसीड हे दोन-तीन फुटांचं, केसांच्या अंबाड्यासारखं गोल पसरणारं गवत. ऑगस्टमध्ये तुरे आले की जवळून धन्यासारखा वास येतो. ही दोन्ही जागेवर ठोंब करून राहतात, इकडंतिकडं पळत नाहीत. बिग ब्लूस्टेम कितीही देखणं असलं तरी सहा-आठ फुटांचं ते गवत चार फुटी वाफ्यात आणू नये. ते सोबत करत नाही, घर ताब्यात घेतं.

तिसरी, पाय कोण झाकणार? न्यू इंग्लंड ॲस्टरची खालची पानं फुलं येईपर्यंत वाळतात. वर जांभळी फुलं आणि खाली उघडे, तपकिरी पाय. त्याच्यापुढं दोन फुटांचं ॲरोमॅटिक ॲस्टर लावलं की झाकलं जातं, आणि दोन्ही एकाच वेळी फुलतात. बटरफ्लाय वीड, पर्पल प्रेअरी क्लोव्हर हीसुद्धा बुटकी आणि गुणी. प्रेअरी क्लोव्हर हे शेंगवर्गातलं, म्हणजे आपल्या हरभऱ्या-तुरीसारखं मुळांवरच्या गाठींत नत्र साठवणारं. ज्वारीत तुरीची ओळ टाकणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चौथी, उंच झाड झोपलेलं असताना घर कोण सांभाळणार? ही उंच मंडळी जुलैशिवाय तोंड दाखवत नाहीत. तोवर वाफा बोडका दिसतो. म्हणून मे-जूनमध्ये फुलणारी गोल्डन अलेक्झांडर्स, स्पायडरवर्ट यांना पुढं जागा द्यावी. त्यांचा बहर ओसरतो तेव्हा मागची उंच झाडं पुढे होतात. सणवार जसे जावांनी वाटून घ्यावेत, तसं.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, कुणाला बोलावू नये? ‘इथलं मूळचं झाड म्हणजे चांगलंच’ असं तिकडं हल्ली सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. कॅनडा गोल्डनरॉड मूळचीच आहे, तिच्या जातभाईंची पिवळी फुलं आपल्याकडं गुच्छात भरीला घालतात. पण ती जमिनीखालून कोंब सोडत पसरते आणि दोन-तीन वर्षांत बाकीच्यांना हुसकावून लावते. सॉटूथ सूर्यफुलाचंही तेच. कप प्लांट फार मोहक आहे. दोन पानं खोडाभोवती जुळून वाटी होते, तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि पाखरं येऊन ते पितात. पण बी पडून त्याची इतकी पिल्लावळ होते, की लहान अंगणात आवरत नाही. पाहुणी म्हणून बघायला छान, बिऱ्हाडाला नको. गोल्डनरॉड हवीच असेल तर स्टिफ गोल्डनरॉड किंवा शोई गोल्डनरॉड लावावी, त्या इतक्या पसरत नाहीत.

हे सगळं मी बसल्या जागी सांगत नाही. पहिल्या वर्षी झाडं आडवी झाली आणि आठवडाभरात लेकीच्या कॉलनीच्या कमिटीचं पत्र आलं. ‘तुमच्या दारातलं रान पंधरा दिवसांत कापा, नाहीतर दंड होईल.’ तिकडं बऱ्याच गावांत आणि कॉलन्यांत गवताच्या उंचीचेही नियम असतात, हे ऐकून मला आधी हसूच आलं. पण लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. जावई म्हणाले, “आई, सगळं उपटून सरळ लॉन करू या. कटकट नको.” लेक म्हणाली, “मग मोनार्क कुठं येणार?”

इथं मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. त्या कमिटीवर रागवणं सोपं आहे. ‘यांना निसर्ग कळत नाही’ म्हटलं की आपण मोकळे. पण पडलेली, चिखलात लोळणारी झाडं बघून शेजाऱ्याला ते रान वाटलं, तर त्याचं फारसं काय चुकलं? आपणही लुगड्याला काठ असला की ते नेसतं वस्त्र मानतो, नाहीतर नुसतं कापड. जोन नॅसॉअर नावाच्या अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये एका लेखात हेच मांडलं होतं, की रानटी दिसणाऱ्या बागेला नीटनेटकी चौकट दिली, कुणीतरी हिची काळजी घेतंय अशी खूण दिसली, की लोक ती स्वीकारतात. म्हणजे सोबतीची झाडं दुहेरी काम करतात. उंच झाडाला उभं ठेवतात, आणि त्या झाडाबद्दल शेजाऱ्याचं मनही उभं ठेवतात.

लेकीनं मुदत मागून घेतली. खत बंद केलं, फवाऱ्यांचं तोंड वाफ्याकडून वळवलं. पडलेले दांडे कापले. सप्टेंबरमध्ये मधल्या रिकाम्या जागेत एक-सव्वा फुटावर लिटल ब्लूस्टेम आणि ड्रॉपसीडची रोपं लावली, पुढं बुटक्यांची सलग कड केली आणि रस्त्याच्या बाजूला झाडांच्या नावांची छोटी पाटी लावली. कमिटीचे एक गृहस्थ बघून गेले. पुन्हा पत्र आलं नाही.

लगेच सगळं गोकुळ झालं असं नाही हं. तिकडचे बागवाले या झाडांबद्दल म्हणतात, की ती पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात आणि तिसऱ्या वर्षी उडी मारतात. तसंच झालं. दुसऱ्या वर्षी गवतं वीतभरच होती आणि लेक वैतागून म्हणायची, “आई, पैसे पाण्यात गेले.” तिसऱ्या वर्षी ब्लेझिंग स्टारचे जांभळे तुरे गवतातून वर आले आणि बहुतेक उभे राहिले. हा तुरा वरून खाली फुलत येतो, आपल्या रजनीगंधाच्या अगदी उलट. दोन दांडे अजूनही कलतात. कलू देत. गवताच्या खांद्यावर कलतात, जमिनीवर लोळत नाहीत. आणि बटरफ्लाय वीडवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या मोजायला शेजारची मुलं येतात. अमेरिकी सरकारच्या वन्यजीव खात्यानं डिसेंबर २०२४ मध्ये मोनार्कला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घालायचा प्रस्ताव मांडला. तेव्हापासून त्या अळ्यांकडं बघताना मला जास्तच काळजी वाटते.

काही जणी विचारतील, एवढं कशाला, उंच झाडं लावूच नयेत लहान जागेत. हेही म्हणणं मी ऐकलंय. पण उंच झाडाची फुलं, बिया, पोकळ दांडे हे सगळं पाखरांच्या आणि मधमाश्यांच्या कामाचं असतं. उंच माणूस घरात मावत नाही म्हणून त्याला वाकवत नाहीत, चौकट नीट करतात. शिकागोला गेलात तर १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांनी जिथं भाषण केलं ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत तुम्ही बघणारच. तिच्या शेजारच्या रस्त्यापलीकडं मिलेनियम पार्कमध्ये २००४ मध्ये सुरू झालेलं ल्युरी गार्डन आहे. पीट ऊडॉल्फ यांनी तिथली लावणी केली. खाली मोटारींचा तळ, वर बाग! तिकीट नाही. फोटो काढून लगेच निघू नका. उंच झाडाच्या पायाशी काय लावलंय ते वाकून बघा.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. फुलं आवडली म्हणून वाळलेल्या बोंडातलं बी रुमालात बांधून इकडं आणू नका. कायद्यानं परवानगीशिवाय आणता येत नाहीच, तिकडं नेतानाही तेच. पण कायद्यापेक्षा आपला अनुभव मोठा आहे. १९५०च्या दशकात पुण्यात गाजर गवताची नोंद झाली आणि आज आपला एक बांध त्यातून सुटलेला नाही. त्याच गाजर गवताची एक सख्खी बहीण, वाइल्ड क्विनाइन, इलिनॉयच्या प्रेअरीत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी पांढरी फुलं मिरवत गुण्यागोविंदानं नांदते. तिला तिथं तिचे शेजारी आहेत. गाजर गवत इथं आलं ते एकटं, त्याला आवर घालणाऱ्या सोबतीशिवाय. आपल्याकडं लावायला आपल्या माळावरची झाडं आहेतच. कागदोपत्री आपल्या माळरानांनाही ‘पडीक’ म्हणतात. निदान आपण तरी तसं म्हणू नये.

तेव्हा या उन्हाळ्यात लेकीकडं, मुलाकडं जाणार असाल तर एवढं करा. पोचल्यावर आठवडाभर अंगणात ऊन कुठं किती वेळ पडतं ते बघा. उंच झाडं आधीच असतील तर खताचं पोतं दुकानातच राहू द्या. न्यू इंग्लंड ॲस्टर असेल तर मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवंतीचे खुडतो तसे त्याचे शेंडे खुडा. झाड बुटकं आणि दाट होतं. कंपास प्लांटचे मात्र खुडू नका. प्रत्येक उंच झाडामागं तीन-चार गवताचे ठोंब आणि पुढं बुटक्यांची कड धरा. आणि परत निघताना लेकीला सांगून या, की थंडीत वाळलेले दांडे लगेच कापू नकोस. बिया पाखरं खातात. पुढच्या वसंतात एक-दीड फुटाचे खुंट ठेवून वरचं काप. त्या पोकळ खुंटांत रानमाश्या अंडी घालतात. चार महिने वाळकं दिसेल, शेजारी विचारतील. विचारलं की त्यांना कारण सांगायचं आणि हातात चहाचा कप द्यायचा. तेवढं तर आपल्याला येतंच.